बिशपसाहेबांचं ‘नको’

एम्बाले,
१४ जानेवारी १९९६

अक्का,

सलाम. इथे सगळं खुशाल. अमुगुनेच्या मटाटू गाडीतून साखर आणि चहापत्ती पाठवली होती, ती पुरती पोचली का? गुडघे कसे आहेत?

परवा किदाहा मास्तरांच्या दफनाला गेलो होतो. मांडवात पुढे घरातले सोफे आणून मांडले होते, पाठीवरच्या विणलेल्या रुमालांसकट. त्यावर पाच बिशप. अग्निवर्षाव चर्चचा किसिया तर दोन माणसांची जागा अडवून बसला होता, एक स्वतःसाठी आणि एक झग्यासाठी. त्याच्या चर्चात माणसं किती, तर एक कर्णा आणि कर्ण्याला पुरतील एवढी. माझ्याखाली शंभरावर सभाघरं. पण माइकवाला म्हणाला, ‘‘महामहिम प्रेषित बिशप डॉक्टर किसिया,’’ आणि टाळ्या पडल्या. मग बाकीचे बिशप, मग आमदारांचा मेहुणा, मग सायकलवाल्यांच्या संघटनेचा खजिनदार. शेवटी म्हणाला, ‘‘क्वेकरांकडूनही कोणीतरी आलेलं दिसतंय.’’ मी उभा राहिलो. मागून एक जण म्हणाला, ‘‘बसा हो आजोबा, पुढचं दिसत नाही.’’ बसलो. प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय मातीत रुतत होता.

क्वेकर मिशनऱ्यांनी आपल्या आजोबांना शिकवलं की आपण सगळे एकमेकांचे मित्र, कोणी मोठा नाही, कोणी धाकटा नाही, सभा चालवेल तो नुसता कारकून. शिकवलं आणि मायदेशी गेले. मांडवात बसायला मी राहिलो.

तर गोष्ट अशी. आपल्या वार्षिक सभेत विषय निघाला की प्रमुखाला, म्हणजे मला, यापुढे बिशप म्हणावं. मी तीनदा नको म्हणालो. चौथ्यांदा म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं. आता रीतीप्रमाणे जन्मगावच्या सभेचा होकार लागतो, म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लुगोव्यात तो विषय येईल. तुला काही करायचं नाही, फक्त गप्प बसायचंय. मौन तर आपला धर्मच आहे.

तुझा भाऊ,
जोथाम


लुगोवा,
१९ जानेवारी

जोथाम,

साखर पोचली. चहापत्तीत अमुगुनेने हात घातला होता.

मास्तरांच्या दफनावर तू पानभर लिहिलंस, त्यात मास्तर कुठेच नाहीत. कशाने गेले, मुलं कोण कोण आली, त्यांच्या बायकोला कोणी धरलं होतं का, काही नाही. सोफ्यावरचे रुमाल मात्र दिसले तुला.

किसियाच्या डॉक्टरकीबद्दल मी त्याच्या आईलाच विचारलं. म्हणाली, ‘‘टपालाने आली. मी अंगठा दिला तेव्हा पोस्टमनने पाकीट दिलं.’’ त्या म्हातारीला वाटतं पोरगा इंजेक्शन देतो. रोज दंड उघडा करून बसते.

मौन आपला धर्म खरा. पण तो बोलण्याआधीचा, बोलण्याऐवजीचा नव्हे. लहानपणी तू मौनात झोपायचास आणि मी चिमटे काढायची. तेव्हा तू म्हणायचास, मी देवाशी बोलत होतो. देवाशी बोलताना लाळ कोण गाळतं?

शनिवारी बघते. गुडघे आहेत तिथेच आहेत.

कागेहा


एम्बाले,
१ फेब्रुवारी

अक्का,

कळलं. शंभर-दीडशे माणसं, सगळ्यांचं एक मन, आणि तिसऱ्या बाकावरून माझी सख्खी बहीण उठून म्हणते, ‘‘माझ्या मनाला चैन नाही.’’ झालं. कारकुनाने लेखणी खाली ठेवली, विषय पुढच्या महिन्यावर.

दुसऱ्या चर्चात हात मोजतात. तिथे तुझा एक हात कोणी पाहिलाही नसता. आपल्यात मोजत नाहीत. एकाला जरी चैन नसेल तरी सगळ्यांनी थांबायचं. ही रीत मी तरुणांना अभिमानाने शिकवतो. परवा पहिल्यांदा तिचा राग आला.

तुला कल्पना नाही मी इथे कसा बसलोय. रोज कोणीतरी विचारतं, ‘‘झालं का?’’ शिंपी जांभळं कापड घेऊन खोळंबलाय. म्हणजे कापड त्याने आपणहून आणलं, मी फक्त माप दिलं.

एकदा सांग, तुला नक्की काय खुपतंय?

जोथाम


लुगोवा,
१३ फेब्रुवारी

जोथाम,

जांभळ्या कापडाचं मला ठाऊक नव्हतं. असतं तर दोनदा उभी राहिले असते.

सभेने काल माझ्याकडे तीन ज्येष्ठ पाठवले, माझ्याबरोबर मौनात बसायला, म्हणजे माझं मन वळेल. लुगालिया काका, खजिनदार, आणि तो शाळेचा निवृत्त हेडमास्तर, ज्याला कोणी काही सांगितलं की तो ‘‘बरोबर’’ म्हणतो. सकाळी आले. मौन चांगलं जमलं. फक्त तिघांचे डोळे मिटलेले आणि नाकं स्वयंपाकघराकडे. शेवटी मी कोंबडी कापली. न कापून सांगते कोणाला, गावभर झालं असतं की बिशपाच्या बहिणीने ज्येष्ठांना पाल्यावर बोळवलं.

मग पंचाईत कोंबडीच्या पोट्याची. मानाचा तुकडा एकच, पाहुणे तीन. लुगालिया काका वयाने मोठे, खजिनदार पोटाने मोठा, हेडमास्तर स्वतःच्या मते मोठा. तिघेही म्हणाले, ‘‘मला नको, त्यांना वाढ,’’ आणि तिघांनीही ताट जरासं पुढे केलं. बायकांना कोंबडी वर्ज्य म्हणून आपल्या आजीला रस्सादेखील चाखू दिला नव्हता कोणी. मी पोटा माझ्या ताटात घेतला आणि मक्याच्या उगालीबरोबर खाल्ला. तेव्हा मात्र खरं मौन झालं.

जाताना लुगालिया काका म्हणाले, ‘‘कागेहा, तुलाही सभामाता म्हणायचं ठरवू.’’

मी म्हटलं, ‘‘काका, चार पोरं आई म्हणतात, त्यांतलं एक तरी पाणी आणून देतं का?’’

हेडमास्तर म्हणाला, ‘‘बरोबर.’’

तू विचारतोस काय खुपतंय. धड सांगता येत नाही, म्हणून तर चैन नाही म्हणाले. तुला लोक मोठं म्हणतील याचं दुःख नाही मला, दुःख झालं असतं तर तुझी फी कशाला भरली असती. पण तुझं प्रवचन आत्ताच लांबतं. मित्र आहेस म्हणून कोणी तरी खोकतो आणि तू आवरतं घेतोस. बिशपापुढे कोण खोकेल?

कागेहा


एम्बाले,
२४ फेब्रुवारी

अक्का,

तू खोकल्याचं लिहिलंस. मी तुला एक सांगतो. खरं तर पहिल्याच पत्रात सांगायचं होतं. लाज वाटली, म्हणून सोफ्यांचं लिहिलं.

नाताळाआधी पेठेत विनापरवाना विकायला बसणाऱ्या बायका पोलिसांनी उचलल्या. तुमच्या शेजारची कावोची त्यांत होती, पाठीवर तान्हं. मी चौकीवर गेलो. शिपायाने विचारलं, आपण कोण. मी सांगितलं, क्वेकरांच्या सभेचा प्रमुख. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. कॉलर नाही, अंगठी नाही, मागे कोणी बॅग धरून नाही. बसा म्हणाला. दुष्ट नव्हता गं तो, पाणीसुद्धा दिलं. त्याला फक्त माझं काय करायचं ते कळेना. मी बाकावर बसून राहिलो आणि आतून त्या पोराचं रडणं ऐकत राहिलो. अंधार पडायच्या बेताला रडणं थांबलं, आणि ते थांबल्यावर मला जास्त भीती वाटली.

मग किसिया आला. शिपायाने टोपी डोक्यावर घातली आणि उभा राहिला. किसिया बसलासुद्धा नाही. आपल्या चर्चाच्या बायका सोडवल्या आणि दारातून वळून म्हणाला, ‘‘आणि त्या म्हाताऱ्याची जी कोण असेल तिलाही सोडा.’’ म्हातारा म्हणजे मी. कावोचीने बाहेर येऊन त्याचे हात धरले. माझ्याकडे पाहिलं, सलाम केला, रागाने नव्हे. पुढच्या रविवारी ती त्याच्या कर्ण्यापुढे जाऊन बसली.

मला सोफा हवाय, अक्का. खोटं कशाला बोलू? पण मला त्या चौकीचं फाटकही उघडायला हवंय. दोन्ही एकाच झग्यात मिळतात. सुटे विकत नाहीत.

जोथाम


लुगोवा,
३ मार्च

जोथाम,

काल सभेत उठून म्हणाले, ‘‘मनाला चैन अजून नाही, पण मी वाट अडवत नाही.’’ कारकुनाने लिहून घेतलं. लुगालिया काका रडले.

कावोची गेली ती किसियाच्या गाण्यांना भुलून असं मी धरून बसले होते, चार बायकांत बोललेही. आज तिच्याकडे जाऊन आले. पोर चालायला लागलंय.

झगा खांद्यात सैल शिवून घे.

कागेहा


परमपूज्य बिशप जोथाम अगुफाना यांचे कार्यालय,
एम्बाले,
१७ जून

श्रीमती कागेहा यांस,

आपले दि. ५ जूनचे पत्र कार्यालयास मिळाले. सदर पत्र ‘‘जोथाम, तुझं प्रवचन रेडिओवर ऐकलं, मधलं अर्धं कशाला होतं’’ या वाक्याने सुरू होत असल्यामुळे ते परमपूज्यांसमोर ठेवता येत नाही. पत्र सोबत परत करीत आहोत. योग्य संबोधनाचा नमुना जोडला आहे. कृपया यापुढे त्याप्रमाणे लिहावे.

हर्बर्ट चांझू,
खासगी सचिव

ता. क. मावशी, राग मानू नका. मधलं अर्धं मलाही कळलं नाही. पण नोकरी आहे.


लुगोवा,
२ सप्टेंबर

परमपूज्य, देवाच्या कळपाचे राखणदार, नम्रतेचे आगर, बिशप जोथाम अगुफाना यांच्या सेवेशी,

हर्बर्ट बाळा, नमुन्याबरहुकूम लिहिलंय, आता पुढे ने.

साहेब, सभाघरामागे विधवांचे भाजीचे वाफे आहेत ते आपल्या स्मरणात असतील. आपल्या मातोश्री वडिलांच्या पश्चात तिथेच राबल्या आणि त्या पाल्यावर आपला देह पोसला गेला. नवरा गेला की बाईला तिथे एक पट्टा मिळतो, मुलांनी शेत बळकावलं तरी तो कोणी काढून घेत नाही. गेल्या आठवड्यात त्यात खुंट्या ठोकून सुतळी ओढली. चौकशी केली, तर म्हणे बिशपांचं घर होणार, जन्मगावी, दोन मजली. दोन मजले कशाला, वरून आशीर्वाद टाकायला? माझा पट्टा कडेचा. त्यातला मरेंडा उपटून तिथे आपली मोटार उभी राहणार आहे.

ऑगस्टच्या सभेत मी उठून म्हणाले, मनाला चैन नाही. नवीन कारकुनाने मान डोलावली आणि लिहिलं, ‘‘बिशपांच्या भगिनींनीही कुटुंबाच्या साधेपणास शोभेल असा संकोच व्यक्त केला.’’ आणि पुढचा विषय घेतला. बाकी बायका तर बोलतच नाहीत. बिशपाच्या घराला नाही कसं म्हणायचं, म्हणतात. रात्री मात्र माझ्या ओट्यावर येऊन बसतात.

येत्या चौदाला, शनिवारी पक्कं होणार. आपल्याला एवढंच कळवायचं होतं की आपण मागितलंत ते आपल्याला मिळालं. आता विधवांचं तरी सोडा.

आपल्या चरणांची धूळ,
सौभाग्य गेलेली, पट्टा जाणार असलेली,
कागेहा


एम्बाले,
६ सप्टेंबर

अक्का,

हर्बर्ट जेवायला गेलाय म्हणून हाताने लिहितोय. अक्षर लावून घे.

ते घर मी मागितलं नाही. शपथ घ्यायची आपल्यात रीत नाही, नाहीतर घेतली असती. मे महिन्यात इथे एम्बालेत विषय निघाला तेव्हाच नको म्हणालो. सगळे एकमेकांकडे पाहून हसले, ‘‘वाटलंच होतं, असंच म्हणणार.’’ मग मी लेखी कळवलं की विधवांच्या जागेवर माझ्यासाठी वीटसुद्धा चढवू नका. ते पत्र त्यांनी इथल्या सभेत वाचून दाखवलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसरा मजला तेव्हा वाढला. जुलैत मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. लुगालिया काका सगळ्यांना म्हणाले, ‘‘पाहिलंत? स्वतःसाठी काही घ्यायची वेळ आली की कसा संतापतो.’’

चूक माझीच. बिशप व्हायला मी तीनदा नको म्हणालो होतो आणि तिन्ही वेळा मनात हो होतं. सगळ्यांना ते ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी आग्रह केला. आता खरं नको म्हणतोय तर तेही त्याच भावात चाललंय. माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

झोप येत नाही. प्रवचनात मुद्दाम चुकीचं वचन सांगून पाहिलं, तर पहिल्या बाकावरच्या माणसाने वहीत उतरवून घेतलं. कोणी खोकत नाही. तू वर्षाच्या सुरुवातीला लिहिलं होतंस, मी ते पत्र फाडलं होतं.

एक मात्र सांगतो, नाहीतर तुला वाटेल सगळंच फुकट गेलं. मे महिन्यात पेठेतल्या बायका पुन्हा उचलल्या. मी गेलो. शिपाई उभा राहिला. बसायची वेळच आली नाही.

तुझं जूनचं पत्र मला दाखवलं नाही हे मला आज कळतंय. काय करू ते सांग.

जोथाम


लुगोवा,
९ सप्टेंबर

जोथाम,

मी तुला लोभी समजले. काही दिवस तसंच समजून बरं वाटत होतं, राग धरला की झोप लागते. आता तीही गेली.

नम्रपणे नको म्हणणं सोड. साधा होतास तेव्हा लोकांनी ऐकलं नाही, आणि आता बिशप होऊनही साधा राहतोस म्हणून ऐकत नाहीत. तू नको म्हणालास की त्यांना कौतुक करायचं असतं, ते का करू द्यायचं? मे महिन्यात चौकीवरच्या शिपायाशी जसा बोललास तसा बोल. विनंती नाही, पत्र नाही, डोळ्यांत पाणी नाही. झगा घालून ये, अंगठी घाल, मागे हर्बर्टला बॅग धरायला लाव, आणि हुकूम सोड.

हे लिहिताना हात कचरतोय. आपल्या सभाघरात आजवर कोणी हुकूम सोडलेला नाही. बाबांनी होते तोवर सगळं आयुष्य त्या बाकांवर काढलं, कधी कोणाला ‘‘असं कर’’ म्हणाले नाहीत, ‘‘असं झालं तर?’’ म्हणाले. पण पट्टे गेले तर त्या बायका खातील काय? दुसरी वाट तुला दिसली तर तिने जा. मला दिसत नाही.

मी शनिवारी येणार नाही. कोणी विचारलं तर गुडघे सांग. तुला तसं बोलताना मला बघायचं नाही.

कागेहा


लुगोवा,
१४ सप्टेंबर, हेडमास्तरांच्या घरून

अक्का,

तुझ्या घरावरूनच आलो, दार लोटलेलं होतं. मीही हाक मारली नाही. अमुगुने उद्या हे पत्र तुझ्या हातात देईल, दोन हाकांचं अंतर आहे, पण समोर येऊन सांगवणार नाही.

झगा घातला, अंगठी घातली. हर्बर्टने बॅग धरली. तिच्यात काही नव्हतं.

सभाघर भरलेलं होतं. मौन सुरू झालं. पूर्वी ते आपोआप संपायचं, कोणाच्या तरी मनात काही उगवायचं आणि तो उठायचा. मी ते संपू दिलं नाही. मध्येच उठलो आणि म्हणालो, ‘‘घर होणार नाही. खुंट्या आज काढा. ती जमीन विधवांची आहे आणि विधवांचीच राहील. हा माझा हुकूम आहे.’’ कारणं मी रात्रभर जुळवून ठेवली होती, एक-दोन चांगली होती. कोणी विचारलीच नाहीत. कारकून म्हणाला, ‘‘लिहिलं, परमपूज्य.’’ ज्या घरासाठी चार महिने सगळे एकमनाने झटत होते, ते चहा ओतायच्या आत मोडलं. एकाच्याही मनाची चैन गेली नाही. मी चेहरे बघत होतो. निदान हेडमास्तर तरी कुरकुरेल असं वाटलं, त्याने नकाशा काढला होता. तो म्हणाला, ‘‘बरोबर.’’

खुंट्या दुपारी निघाल्या, मी समोर उभं राहून काढवल्या. तुझा पट्टा आहे तसा आहे. कडेची चार रोपं तुडवली गेलीत, ती मी खोचून पाणी घातलंय, धरतील की नाही सांगता येत नाही. बायका आल्या होत्या. मला वाटलं बोलतील. त्यांनी गुडघे टेकून आभार मानले आणि गेल्या. कावोचीची सासू होती त्यांत, जी लहानपणी मला पेरू चोरताना धरून कान पिळायची.

सभेतून बाहेर पडताना आणखी एक झालं. मी दाराकडे निघालो आणि सगळी सभा उठून उभी राहिली. आपल्यात असं नव्हतं गं. माणूस येतो, माणूस जातो, बसलेले बसलेले असतात. लुगालिया काकाही उठले होते, पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरून. त्यांचे पाय किती थरथरतात ते मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. मी वाकून म्हटलं, ‘‘काका, बसा ना.’’ त्यांचे डोळे भरून आले. शेजाऱ्याला म्हणाले, ‘‘बघ, एवढा मोठा झाला तरी,’’ आणि उभेच राहिले. मी पुन्हा म्हटलं, हात धरून म्हटलं. ते हसले. बाक हलायला लागला होता.

मग मी आवाज चढवून म्हणालो, ‘‘खाली बसा.’’

लगेच बसले.

जोथाम